वामनराव, तुम्ही 'येतो' म्हणालात

वामनराव, मी तुमच्यावर रागावलो आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये असं शास्त्र सांगतं; पण तुम्ही शास्त्र कधी ऐकलंत, म्हणून मी ते तुमच्या बाबतीत पाळू? त्या संध्याकाळी शाळेच्या फाटकापाशी तुम्ही टोपी सारखी केलीत, काठी काखेत मारलीत, तपकिरीची चिमूट ओढलीत आणि म्हणालात, "बरंय शास्त्रीबुवा, येतो."

मी सवयीने "या" म्हणालो आणि माझ्या वाटेला लागलो. थोडं पुढे गेल्यावर माझे पाय आपोआप थांबले. वळून पाहिलं, तर तुम्ही वळणाआड गेला होतात. इतक्या वर्षांच्या सोबतीत तो शब्द मी तुमच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. उद्या चांगलं फैलावर घेऊ, असं मनाशी ठरवून मी घरी गेलो. रात्री जेवतानाही मला हसू येत होतं, काय झालं म्हणून घरात विचारत होते.

सकाळी तुमच्या शेजारचा माणूस माझ्या दाराशी आला. तुम्ही झोपेतून उठलाच नव्हतात.

दहाव्याला गंगेवर, आपल्या गोदेच्या घाटावर, पिंडाला कावळा लगेच शिवला. पान मांडून हात मागे घेतो न घेतो, तोच झडप. सगळ्यांना हायसं वाटलं. "काही इच्छा मागे राहिली नाही हो, समाधानाने गेले," असं म्हणत लोक पाय धुऊन घराकडे वळले. मला ते पटलं नाही. कावळा भुकेला असेल, उन्हाळ्याचे दिवस आहेत. मी मात्र त्या शब्दाला अडकून बसलो होतो.

'जातो' की 'येतो', हे भांडण आपण मास्तरांच्या खोलीत किती वर्षं भांडलो! सुरुवात झाली ती सोनारआळीतल्या त्या गोऱ्या मुलापासून. मॅट्रिकला गणितात शाळेत पहिला आलेला पोरगा, पुण्याच्या कॉलेजात गेला आणि पहिला महिना संपायच्या आत वळकटी घेऊन परत आला. विचारलं तर म्हणे, खाणावळीचं वरण पचत नाही. तुम्ही मास्तरांच्या खोलीत येऊन टेबलावर हात आपटलात. "वरण कसलं! टांग्यात बसताना याने आईला काय सांगितलं, ठाऊक आहे? येतो म्हणाला. आणि आला!"

त्या दिवसापासून तुम्ही नियम केलात, की माझ्या वर्गातून कॉलेजला जाणाऱ्याने वर्गाच्या उंबऱ्यावर उभं राहून खणखणीत 'जातो' म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय तुमचा आशीर्वाद नाही.

मी कानांवर हात ठेवले होते. आपल्याकडे दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, तीही वाढते. उंबऱ्यावर पोराच्या तोंडून 'जातो' निघालं, तर आई त्याच्या तोंडावर हात ठेवते, 'येतो' म्हण म्हणते. "अहो," मी म्हणालो, "गणपतीला पोचवतानासुद्धा आपण पुनरागमनाय च म्हणतो. देवालाही आपण नुसतं जा म्हणत नाही."

"म्हणून तर तो दर वर्षी परत येतो," तुम्ही म्हणालात. "कॉलेजात टिकत नाही."

सगळी खोली हसली. मीही हसलो, पण माझा मुद्दा मी सोडला नाही. जातो हा शब्द फक्त एकाच प्रवासाला शोभतो, असं मी तेव्हा म्हणालो होतो. तुम्ही नुसती तपकीर ओढली होतीत.

मॅट्रिकची परीक्षा संपली की बाकीचे मास्तर गावोगाव पांगत आणि तुमचा खरा वर्ग तेव्हा भरे. कॉलेजला जाऊ इच्छिणारी पोरं रिकाम्या शाळेत तुमच्याकडे येत. पुस्तक नाही, फळा नाही. कोणी काय घ्यावं, आर्ट्स की सायन्स, हे तुम्ही मार्कांवरून कधी ठरवलं नाही. "घरातलं घड्याळ बंद पडलं, तर तुला ते उघडावंसं वाटतं, की ते कधी आणि कसं बंद पडलं हे चार लोकांना रंगवून सांगावंसं वाटतं?" उघडणारा सायन्सला, सांगणारा आर्ट्सला. मी त्या वर्गाला वामनरावांचं ज्योतिषालय म्हणायचो. पण तुमचं भाकीत चुकल्याचं मला आठवत नाही, हेही आज सांगून टाकतो. तुमच्या हयातीत सांगितलं असतं, तर तुम्ही डोक्यावर बसला असतात.

आणि ती खुर्ची! वेताची, एका हाताची, बसलं की कुरकुरणारी. वर्गाच्या मध्ये दाराकडे तोंड करून ती ठेवायची आणि पोरांना सांगायचं, हे प्रिन्सिपॉलसाहेब, यांच्याशी इंग्रजीत बोला. वसतिगृहात खोली मागा. व्याख्यान समजलं नाही, असं सांगा. आजारी आहात, घरी पत्र पाठवायचं आहे, ते सांगा. सुरुवातीला तुम्ही स्वतः तिच्यात बसत होतात. मग ते सोडून दिलंत. "रिकामी खुर्ची जास्त अवघड," तुम्ही म्हणत होतात. "माणूस निदान मान हलवतो. रिकाम्या खुर्चीशी बोलता आलं, की गोरा प्रिन्सिपॉलही काही नाही."

पोरं घाम पुसत त्या रिकाम्या खुर्चीशी बोलत. दोन वाक्यं बोलून थांबत, उत्तराला जागा देत, मग पुन्हा बोलत. मला ते तेव्हाही बघवत नसे. भर दुपारी ओस पडलेल्या शाळेत एक पोरगा कोणी नसलेल्या खुर्चीपुढे अदबीने वाकतो आहे, हे दृश्य काही चांगलं नाही, असं मी तुम्हाला म्हणालोही होतो. "शास्त्रीबुवा, तुम्हाला बाराच्या ठोक्याला भुतं दिसतात," असं म्हणून तुम्ही मला उडवून लावलंत.

सगळ्यात शेवटी तुम्ही एक प्रश्न विचारत होतात. त्याचं उत्तर आल्याशिवाय पोराला सोडत नव्हतात.

"पुण्यात रडू आलं, तर कुठे रडशील?"

पोरं लाजत. कोणी छाती काढून म्हणे, मी नाही रडणार. त्याला तुम्ही बाकावर उभं करत होतात. "रडू सगळ्यांना येतं. ज्याने जागा आधी ठरवलेली नसते, तो भलत्या ठिकाणी रडतो, मग त्याला लाज वाटते, मग तो वळकटी बांधतो. जागा ठरवून ये, मग बोलू." आणि पोरं खरोखर विचार करून येत. कोणी सांगे टेकडीवर, कोणी देवळाच्या मागे, एक तर म्हणाला बोलपटाच्या अंधारात. त्याला तुम्ही पाठ थोपटून शाबासकी दिलीत.

यंदाच्या मुलांत धोंडू होता. आपल्या भद्रकालीच्या अड्ड्यावरच्या टांगेवाल्याचा. त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून याचं नाव धोंडू ठेवलं, नाक टोचलं, मृत्यूने धोंडा समजून ओलांडून जावं म्हणून. नाकाचं ते भोक अजून दिसतं. "यमाला फसवायला ठेवलेलं नाव," तुम्ही त्याला म्हणाला होतात, "आता युनिव्हर्सिटीच्या पटावर लागणार. बघ, तिथला कोणी फसतो का." पोरगा घोड्याच्या टापेवरून तो कोणत्या पायाने लंगडतो ते सांगणारा, घड्याळ उघडणारा. सायन्स. तुमचा जीव त्याच्यावर होता. लपवायचा प्रयत्न करत होतात, पण तुम्हाला कुठलं जमतंय!

त्याची आई गिरजाबाई शाळेत आली, त्या दुपारी मीही तिथे होतो. पदर डोक्यावरून घट्ट ओढून ती दाराबाहेरच उभी राहिली.

"मास्तर, पोराला शिकवा, कुटं बी धाडा. माही ना नाय. पन त्याला तेवढं जातो म्हनाया लावू नगा."

"का बाई?"

"माही समदी न बोलताच गेली. ह्यो एक हाय. ह्याच्या तोंडून त्यो शबुद मला आयकाया नगं."

तुम्ही तिला बसायला सांगितलंत, पाणी दिलंत, आवाज मऊ केलात. पण नियम सोडला नाही. "बाई, त्याला जायचंच नसेल, तर मी ढकलणार नाही. पण जायचं असेल तर जातो म्हणूनच जायला हवं. अर्धा पाय घरात ठेवून गेलेलं पोर टिकत नाही."  पाण्याचं भांडं तसंच भरलेलं ठेवून गिरजाबाई गेली.

आपलं शेवटचं भांडण याच गोष्टीवरून झालं. त्याच संध्याकाळी, शाळेमागच्या रहाटाच्या विहिरीच्या कट्ट्यावर. मी म्हणालो, एका पोरासाठी नियम मोडा, आभाळ कोसळणार नाही. तुम्ही म्हणालात, एकासाठी मोडला की तो नियम राहत नाही, लाड होतो. मी चिडून म्हणालो, ज्या बाईने एवढं गमावलं तिला तुम्ही शब्दांच्या कसरती काय शिकवता?  तुम्ही काठीने मातीत रेघा ओढत बसलात. मग एकदम मलाच विचारलंत, "शास्त्रीबुवा, तुम्ही लहानपणी पाठशाळेत घरापासून लांब होतात ना? कुठे रडत होतात?"

एवढ्या वर्षांत तुम्ही हे मला कधी विचारलं नव्हतं आणि मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. त्या संध्याकाळी का कोण जाणे, सांगितलं. पाठशाळेच्या विहिरीवर मोठा रहाट होता, त्याचं लाकूड वाजायचं. मी पाणी काढायला जायचो आणि रहाट ओढता ओढता रडायचो. त्या कुरकुरीत रडणं ऐकू जात नसे. सगळे म्हणायचे, पोरगा मोठा कामसू, सारखा पाणी भरतो.

तुम्ही हसला नाहीत. "चांगली जागा आहे," एवढंच म्हणालात. मग उठलात, "धोंडूचं बघतो, विचार करतो," म्हणालात, आणि फाटकापाशी येऊन तो शब्द बोललात.

तुम्ही माझं म्हणणं मान्य केलं होतंत का, वामनराव? तो शब्द एकदा जिभेवर ठेवून पाहत होतात का? की नुसतीच जीभ घसरली? हे मला आता कोण सांगणार?

तेराव्यानंतर निकाल लागला. धोंडू पास झाला, चांगल्या मार्कांनी. मी पेढे घेऊन टांग्याच्या अड्ड्यावर गेलो, तर बाप म्हणाला, पोरगं शाळेत गेलंय. सुटीत शाळेत कशाला? "रोजच जातो जी. दुपारी. मास्तरांच्या वर्गात बसतो म्हनं."

मला वाटलं, दुःख काढत बसला असेल. बसू दे. मलाही शाळेत काम होतंच, संस्कृतच्या पोथ्यांना वाळवी लागली होती, त्या उन्हात घालायच्या होत्या. टळटळीत ऊन होतं. फाटक लोटून आत गेलो, तर सगळी शाळा निपचित पडलेली, पिंपळाचं पानही हलत नव्हतं. पडवीतून जाताना तुमच्या वर्गातून इंग्रजी ऐकू आलं. धोंडूचा आवाज. दोन वाक्यं बोलला, थांबला. पुन्हा बोलला.

करतोय बापडा सराव, असं म्हणून मी पुढे जाणार होतो. पण त्या थांबण्यात काहीतरी होतं. पोरं खुर्चीशी बोलताना अंदाजाने थांबतात, दर वेळी सारखंच. धोंडू तसा थांबत नव्हता. कधी लांब, कधी आखूड. एकदा मध्येच हसला. एकदा बोलायला तोंड उघडलं आणि पटकन मिटलं, कोणीतरी त्याचं वाक्य तोडल्यासारखं. वामनराव, मी तुमचं बोलणं इतकी वर्षं ऐकलं आहे. तुमची लांब वाक्यं मला ठाऊक आहेत, मध्ये घसा खाकरता तेही ठाऊक आहे. मी दाराआड उभा राहून त्या शांततेत तुमची वाक्यं मोजत होतो, आणि ती बरोबर बसत होती.

खुर्ची रिकामी होती, हे मी शपथेवर सांगतो. पण तिचा वेत खाली दबलेला होता. आणि तपकिरीचा वास येत होता.

मी आत पाऊल टाकलं. वेत कुरकुरला. धोंडू उठून उभा राहिला, घाबरला नाही, ओशाळला नाही.

"कोणाशी बोलतोस रे?"

"सरांशी, गुरुजी."

"धोंडू, सर गेले."

"हो गुरुजी. पण येतात."

 मी त्याला दटावलं, असलं अभद्र बोलू नये म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला. तो शांतपणे म्हणाला, "मी रडायची जागा सांगितली होती ना, पर्वतीच्या पायऱ्यांवर म्हणून. सर म्हणाले, ती नको, तिथे गर्दी असते. कुठेतरी रहाट चालू असेल, तिथे रड. त्याच्या आवाजात ऐकू जात नाही म्हणाले."

मी दाराची चौकट धरली. त्या संध्याकाळी विहिरीवर आपण दोघंच होतो. तुम्ही तिथून सरळ घरी गेलात, जेवलात, झोपलात. हे मी नंतर वहिनींना खोदून खोदून विचारलं. धोंडू त्या दिवशी बापाबरोबर नाशिकरोडला होता. मग हे त्याला कोणी सांगितलं?

भीती वाटली, हे खरं. पण त्याच्या पाठोपाठ जे वाटलं, ते लिहायला मला लाज वाटते, तरी लिहितो. मला मत्सर वाटला. तुम्ही आलात, आणि त्या पोराकडे आलात. त्याच पडवीतून इतकी वर्षं तुमच्या सोबत चाललो होतो तो मी.

"बरं," मी म्हणालो, "पुण्याला कधी निघतोस? कॉलेज उघडायला थोडे दिवस राहिले."

धोंडूने खुर्चीकडे पाहिलं. "आता कशाला जाऊ, गुरुजी? सर इथेच शिकवतात."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे प्रकरण भुताखेताचं राहिलेलं नाही. प्रवेशाची मुदत संपत आली होती. पोरगा दिवसेंदिवस वाळत चालला होता, डोळ्यांभोवती काळं आलं होतं. पोरांना घराबाहेर काढण्यात तुम्ही जन्म घालवलात, आणि आता तुम्हीच एकाला धरून बसला होतात. त्याचं एक वर्ष गेलं असतं, आणि टांगेवाल्याच्या पोराचं एक वर्ष गेलं की पुढची सगळी जातात, हे तुम्हीच मला सांगत होतात. कदाचित नुसतं वर्षच गेलं नसतं. रिकाम्या खुर्चीच्या मागे मागे कुठवर जायचं, हे त्या पोराला कुठे ठाऊक होतं? मला वाटलं होतं, मी तुमच्यासाठी रडत बसेन. उलट तुमच्याशी भांडायची वेळ आली.

मी गिरजाबाईकडे गेलो. सगळं सांगितलं. मला वाटलं, ती किंचाळेल, मांत्रिकाकडे धावेल. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"मला ठावं हाय. रातच्याला झोपंत बी विंग्रजी बोलतो." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मास्तर जाताना काय म्हनले व्हते?"

मी सांगितलं. येतो.

"मंग आले. बोलल्यासारकं केलं मानसानं. त्यांना जा कोनी म्हनलंच नाय की हो."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं शाळेत गेलो. ती अनवाणी, मी जानवं हातात धरून मनातल्या मनात जे येत होतं ते म्हणत. वर्गात धोंडू होता. वेत दबलेला होता, वास होता. बाहेर एवढं ऊन असून आत गारवा होता, पहाटे देवळात असतो तसा. गिरजाबाईने उंबऱ्यावर डोकं टेकवलं, पदर सावरला आणि आत जाऊन थेट खुर्चीपुढे उभी राहिली. दारात घुटमळणारी ती बाई आता खुर्चीकडे अशी पाहत होती, की जणू तिथे तिचा कोणी थोरला दीर बसला होता.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमी माह्या पोराचं लय केलं. आता जावा. तुमी बसलात त ह्यो बी बसन. आन तुमी निगालात त तुमच्या मागं यील. मला त्ये नगं. पुन्याला गेला त जित्यांत तरी ऱ्हाईल."

 खिडकीतून ऊन आत आलं होतं, त्यात धूळ तरंगत होती, आणि खुर्चीजवळची धूळ हलत नव्हती. मग ती पोराकडे वळली. 

"म्हन."

"काय आये?"

"मास्तरांनी शिकवलंय त्ये म्हन. त्यांना म्हन. मला नगं म्हनू."

धोंडूने माझ्याकडे पाहिलं. मी, जन्मभर त्या शब्दाशी भांडलेला मी, मान हलवली. तो उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला, तुम्ही शिकवलं होतंत तसा, ताठ, हात बाजूला. आणि खणखणीत म्हणाला, "जातो, सर."

गिरजाबाईने डोळे गच्च मिटून घेतले. मी खुर्चीकडे पाहत होतो. कान टवकारले होते. तुम्ही काय म्हणाल, शाबास म्हणाल की घसा खाकराल, ते मला निदान एकदा तरी ऐकायचं होतं.

धोंडू कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. मग त्याचे खांदे सैल झाले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही, गुरुजी." तो गोंधळून खुर्चीकडे पाहत होता, पहिल्यांदाच पाहिल्यासारखा. "सर आधीच गेले."

वेत वर आला होता.

काल सकाळच्या गाडीने तो पुण्याला गेला. सगळं घर बापाच्या टांग्यातून नाशिकरोडला आलं होतं, मीही त्यांच्यात. डब्यात शिरल्यावर खिडकीतून वाकून तो म्हणाला, "आये, येतो." गिरजाबाई म्हणाली, "ये." गाडी हलली, तशी ती तिच्याबरोबर थोडी चालली, मग थांबली. तुमचा नियम राहिला आणि तिचाही राहिला. तुम्हाला जातो आणि तिला येतो. इतकी वर्षं भांडलो, आपल्या दोघांपैकी एकालाही हे सुचू नये?

तिथून मी घरी न जाता शाळेत आलो. कशाला आलो, ठाऊक नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. तुमच्या वर्गात गेलो. खुर्ची होती. तिच्यापुढे बाकावर बसलो आणि म्हणालो, "वामनराव, आता आपण दोघंच आहोत." पोरं ठेवतात तशी उत्तराला जागा ठेवली. मग पुन्हा बोललो. वाद तुम्हीच जिंकलात असंही म्हणालो, म्हटलं त्याने तरी याल. वास नव्हता. वेत हलला नाही. मीच तुम्हाला घालवलं होतं, आणि मीच आता वाट बघत बसलो होतो.

शेवटी उठलो. दार ओढून कडी घालताना सवयीने तोंडातून गेलं, "येतो." आतून कोणी 'या' म्हणालं नाही. आणि मग, वामनराव, तुम्ही गेल्यापासून जे एकदाही आलं नव्हतं, तुम्हाला उचलताना नाही, गंगेवर नाही, ते रडू एकदम दाटून आलं. या वयाचा मी ब्राह्मण, पगडी घातलेला, शाळेच्या पडवीत उघड्यावर उभा; रस्त्यावरून माणसं जात-येत होती. तुम्ही प्रत्येक पोराला विचारलंत आणि मला फार उशिरा विचारलंत. मी जागा ठरवून ठेवली नव्हती.

तोंडात उपरण्याचा बोळा धरून मी मागच्या अंगणाकडे धावलो. सुटीत तिकडे कोणी नसतं. शिपाई गावाला गेला आहे, विहिरीचा दोर गुंडाळून खोलीत ठेवलेला आहे. वारा मुळीच नव्हता.

रहाट फिरत होता. विहिरीवर कोणी नव्हतं, रहाटावर दोर नव्हता, आणि तो सावकाश, जोरजोराने कुरकुरत, कोणीतरी बेताने ओढत असावं तसा फिरत होता.

मी कट्ट्यावर बसलो आणि मन भरेस्तोवर रडलो. माझं रडणं संपेपर्यंत तो थांबला नाही.